अंबाडी आणि अब्रू

गांजाची शेती केल्याच्या संशयावरून माझ्या दारात पोलीस आले होते, हे आमच्या सोसायटीत आजही चहाबरोबर सांगितलं जातं, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. मागच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या बाईंनी माझ्यासमोरच त्यांच्या पाहुण्यांना सांगितलं, की सरांना बेड्या घातल्या होत्या. बेड्या नव्हत्या. पोलीस दारात आलेच नव्हते, वावरात, म्हणजे शेतात, आले होते. आणि तो गांजा नव्हता, अंबाडी होती. पण आपली गोष्ट एकदा लोकांच्या तोंडी गेली, की तिच्यात दुरुस्ती करायला आपल्याला कोणी जागा ठेवत नाही. म्हणून मीच एकदा सगळं सांगून मोकळा होतो.

मी जळगावात एका ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवतो. मागच्या उन्हाळ्यात प्राचार्यांनी मला धुळ्याला एका कार्यशाळेला पाठवलं. विषय होता ‘वर्तुळाकार जैव-अर्थव्यवस्था’. विषय वाचून स्टाफरूममधले बाकीचे सगळे एकाएकी आजारी पडले होते. मी गेलो, कारण मला नाही म्हणता येत नाही आणि अशा ठिकाणी जेवण बरं असतं. जेवणानंतर एक तरुण वक्ता उभा राहिला आणि त्याने पडद्यावर एका झाडाचं चित्र लावलं. पेंगणारं सभागृह खडबडून जागं झालं, कारण पान सगळ्यांच्या ओळखीचं होतं. वक्ता म्हणाला, घाबरू नका, ही औद्योगिक भांग आहे, हिच्यात नशा नावालाच असते. हिच्या सालीचं कापड होतं, काडीच्या विटा होतात, बियांचं तेल निघतं, उरलेलं मातीत जातं आणि त्याच मातीतून पुन्हा झाड येतं. काही म्हणजे काही वाया जात नाही. मी इतकी वर्षं मुलांना घसारा शिकवतोय, म्हणजे प्रत्येक वस्तूची किंमत दरसाल कशी कमी होत जाते ते. आणि हा माणूस सांगत होता, की नीट वागवलं तर काहीच कमी होत नाही. खरं सांगतो, मला भरून आलं. शेजारच्या सरांना वाटलं एसी सोसत नसेल, त्यांनी जागा बदलून दिली.

घरी येऊन मी हे सगळं नूतनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाणी किती लागतं त्याला?" मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं.

इथे नूतनच्या वावराबद्दल सांगायला हवं, कारण खरं पणाला लागलं होतं ते वावर. माझी अब्रू वगैरे नंतरच्या गोष्टी. तिचं माहेर चोपड्याच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, सासुरवाडी आहे. तिच्या वडिलांनी, आबांनी, जाण्याआधी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की नाल्याकाठचं वावर नूतनचं. कागदावर तिचं नाव लागलं, पण वावर कसायचा तिचा भाऊ प्रेमराज, आणि गावही त्याला प्रेमराजचं वावर म्हणायचं. आमच्याकडे बहिणीने भावाला हक्कसोडपत्रावर सही करून द्यायची असते, म्हणजे आपला वाटा राजीखुशीने सोडायचा. राखीला नाहीतर भाऊबीजेला हे काम उरकतात. सही केली की साडी मिळते आणि माहेर टिकतं. नाही केली तरी चहा मिळतो, पण त्यात साखर कमी पडते. नूतनने सही केली नव्हती आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्या वर्षी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली तेव्हा प्रेमराजने विषय काढला. ती म्हणाली, "भाऊ, एक वर्ष मी करून बघते. भाऊबीजेला काय ते सांगते." प्रेमराज हसला. म्हणाला, "कर. पण वावर पडीक ठेवलंस नाहीतर हसं करून घेतलंस, तर भाऊबीजेला सही." ती हो म्हणाली. असं ठरवून ती परत आली होती, आणि दोन दिवसांनी मी धुळ्याहून भांग घेऊन आलो होतो, म्हणजे विचार घेऊन.

भांगेच्या परवान्यासाठी मी किती ठिकाणी गेलो ते सांगत बसत नाही. पहिल्या कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यातल्या साहेबांनी मला खुर्ची देऊन आधी विचारलं, की तुम्हाला इकडे पाठवलं कोणी. मी पहिल्या कार्यालयाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मग तिकडेच जा." एका टेबलावर मला विचारलं, "औद्योगिक म्हणजे किती औद्योगिक?"

आमच्या वरच्या मजल्यावर धनसिंग नाना राहतात. सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "सर, तुमची चूक कळली का? तुम्ही अर्जात भांग लिहिता. भांग लिहायचंच नाही. ‘तंतुवर्गीय बहुउद्देशीय वनस्पती’ असं लिहा. अर्ज कोणी अडवत नाही." मी तसा अर्ज नेला. टेबलावरच्या मुलीने तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "म्हणजे भांग का?" नानांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की हल्ली खात्यात मुलं फार हुशार घेतात, त्यामुळे कामं होत नाहीत.

मार्ग सापडला तो नईमभाईंच्या दुकानात. नईमभाई म्हणजे बाजारातले दोरखंडाचे व्यापारी, आमची जुनी ओळख. माझं रडगाणं त्यांनी नायलॉनचं बंडल सोडवता सोडवता ऐकलं. "सर, भांगेच्या मागे कशाला लागता? अंबाडी लावा. माझे अब्बा अंबाडीचेच दोर विकायचे. पान तसंच, वाख तसाच मजबूत, आणि पोलिसांचं लफडं नाही." वाख म्हणजे सालीतून निघणारे धागे. अंबाडीचा वाख मातीत पडला तर मातीच होतो. मी तिथल्या तिथे ठरवलं. नईमभाईंचं सगळं खरं निघालं, फक्त ते पोलिसांचं तेवढं सोडून.

आता अंबाडी गावाला नवी नव्हती. तिथे घरोघर आंबट भाजीसाठी बांधावर चार झाडं असतात, लाल दांड्याची, कमरेएवढी. पण मी साधा माणूस नव्हतो, कार्यशाळा करून आलेला माणूस होतो. मी एका संशोधन केंद्रातून खास वाखासाठीचं बियाणं आणलं आणि वावरभर दाट पेरलं. प्रेमराज बांधावर येऊन बघून गेला. "दाजी, वावरभर भाजी कोण खाणार?" मी त्याला वर्तुळाकार अर्थव्यवस्था समजावून सांगितली. तो म्हणाला, "बरं. माझं ठिबक सुरू करायचंय," आणि गेला. त्याची केळी शेजारच्याच वावरात आहे. माझ्या या विषयावर बोलायला गावात कोणीच थांबत नव्हतं, याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

पोळा येईपर्यंत अंबाडी माझ्या डोक्याच्या वर गेली. मला तर पोळ्याच्या बाजारात दोर विकायचे होते. ते झाड पोळ्याला कापायलाच येत नाही, हे मला पोळ्याच्या आदल्या दिवशी कळलं. नूतन म्हणाली, "मला माहीत होतं." मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही. तुम्ही समजावून सांगत होतात." पोळा गेला. प्रेमराजच्या बैलांना नायलॉनचे दोर बांधले गेले आणि ते बैलांना चांगले दिसले, हे कबूल करायला हवं.

पण झाडं वाढली तसं एक झालं. बांधावरच्या लाल अंबाडीचं पान वेगळं असतं. माझ्या अंबाडीची वरची पानं बोटं फाकवल्यासारखी, कातरलेली, अगदी पडद्यावरच्या त्या चित्रासारखी. रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं आणि खाली लिहिलं, ‘जळगावच्या प्राध्यापकाची हिरवी शेती’. मी प्राध्यापक नाही, शिक्षक आहे. पण ती दुरुस्ती कोणी केली नाही. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गटांवर फिरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात पोलिसांची गाडी उभी राहिली.

आम्ही पोहोचलो तेव्हा बांधावर बठ्ठा, म्हणजे सगळा, गाव जमला होता. फौजदार साहेब सभ्य होते. त्यांनी एक फांदी मोडून हातात धरली होती आणि विचारत होते, "वावर कुणाचं?" सगळ्यांनी सवयीने प्रेमराजकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याने पंचक्रोशीत नाल्याकाठचं वावर माझं म्हणून सांगितलं, तो हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, हाई वावर मन्हं नही शे. मन्ही बहिननं शे. मन्हा काहीच संबंध नही." मला त्याचा राग आला. माझ्या मनात त्या क्षणी वावर वगैरे काही नव्हतं, मला वाटलं, अडचणीत मेहुण्याने साथ सोडली. नूतनने मात्र वळून भावाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पुढे होऊन म्हणाली, "माझं आहे. ही अंबाडी आहे, साहेब."

साहेब म्हणाले, अंबाडी आम्ही पाहिली आहे, ती अशी नसते. कृषी खात्याच्या बाई आल्या. त्यांनी पान सगळ्या बाजूंनी न्याहाळलं, आणि म्हणाल्या की बहुतेक अंबाडीच, पण लेखी द्यायचं तर फूल आल्यावर देईन. बहुतेक हा शब्द मला फार लागला. तेवढ्यात माझ्या सासूबाई, गावाच्या कमल अक्का, पुढे झाल्या. त्यांनी चार-सहा झाडांचे कोवळे शेंडे खुडले, पदरात घेतले आणि घरी चालत्या झाल्या. मुद्देमाल चालला म्हणून एक शिपाई त्यांच्या मागे गेला. अर्ध्या तासाने दोघं परत आले. सासूबाईंच्या हातात भाजीचं पातेलं होतं, लसणाची फोडणी दिलेलं, आणि शिपायाच्या हातात भाकरीची टोपली.

"खाई पाहा," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली. पुरावा खाता येत नाही, हे कायद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण वास सगळीकडे पसरला होता आणि दुपार झाली होती. शेवटी साहेबांनी हवालदार तोताराम यांना फर्मावलं, की तुम्ही थोडं चाखून पाहा आणि कसं वाटतं ते सांगा. तोताराम यांनी चाखायला तीन भाकरी घेतल्या. ठेचाही मागून घेतला. मग ते लिंबाखाली टेकले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि गाढ झोपले.

गाव तोताराम यांच्याकडे बघत होतं आणि मग माझ्याकडे बघत होतं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चढनी." साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी समजावू लागलो, की हवालदार पहाटेपासून ड्यूटीवर आहेत, माणसाला जेवल्यावर झोप येते, मला स्वतःला कार्यशाळेत आली होती. कोणी ऐकून घेतलं नाही. झोपलेल्या तोताराम यांचंही चित्रण झालं. ते उठले, जांभई दिली आणि साहेबांना म्हणाले, "आंबट आहे साहेब, पण चांगली आहे. अजून आहे का?" यावर साहेब पहिल्यांदा हसले. तरी फूल येईपर्यंत एका झाडालाही हात लावायचा नाही, अशी ताकीद देऊनच ते गेले.

फुलं यायला पुढे बरेच दिवस गेले, आणि ते माझ्या आयुष्यातले वाईट दिवस होते. प्राचार्यांनी मला बोलावून दार लोटलं आणि मायेने विचारलं, "घरी काही ताण वगैरे आहे का?" भाजीवाला मला पालेभाजीची जुडी पुढे करताना उगाच हसायचा. मागच्या बाकावरची मुलं, ज्यांनी वर्षभर माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ती आता कॉरिडॉरमध्ये उभी राहून नमस्कार करू लागली. तो आदर मला घेता येईना आणि नाकारताही येईना. धनसिंग नानांनी रोज नवा सल्ला दिला. शेवटचा असा होता, की काही दिवस मी टिळा लावावा. मी कोणाला दोष देत नाही. पण मनातून फार एकटं वाटायचं. चांगलं काहीतरी करायला गेलो होतो, आणि आपल्याला लोक हसतात हे सोसायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

नूतन मात्र दर रविवारी वावरात जात होती. फिकट पिवळी फुलं आली, मधोमध गर्द डागाची, आणि कृषी खात्याच्या बाईंनी लेखी दिलं. मला वाटलं संपलं. पण अंबाडी कापली, की वाख सुटायला तिच्या पेंढ्या पाण्यात सडवाव्या लागतात. मी त्या नाल्यावरच्या बंधाऱ्यात दगड ठेवून बुडवल्या. सडवणे या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशापुरताच माहीत होता. पाच-सहा दिवसांत पाणी काळं झालं आणि वास सुटला. तो वास कसा होता ते लिहिता येणार नाही. नवरात्र सुरू होतं आणि देवीचा मांडव बंधाऱ्याच्या अंगालाच होता. आरतीला बायका नाकाला पदर लावून उभ्या राहत होत्या. गरबा दोन फेऱ्यांत आटपत होता. आणि प्रेमराजच्या केळीला पाणी त्याच बंधाऱ्यातून जायचं. सडक्या सालीने त्याच्या ठिबकच्या जाळ्या तुंबल्या, आणि एके दिवशी पंपच बंद पडला.

मांडवातच बैठक बसली. मी जळगावहून गेलो, सोबत पर्यावरणावरची दोन पानं टिपून नेली होती. ती वाचायची वेळच आली नाही. लोक प्रेमराजवर चिडले होते, कारण तो त्यांच्या समोर होता. प्रेमराजही वैतागला होता, त्याची केळी वाळत होती. तो उभा राहून म्हणाला, "मला काय बोलतात? मी पोलिसांसमोरबी सांगितलं आणि आताबी सांगतो. त्या वावराशी मन्हा संबंध नही. तिचं वावर, तिले इचारा." मग सगळे नूतनकडे वळले. मी तिला वाचवायला पुढे सरकलो, तर तिने माझा शर्ट मागून धरून मला खाली बसवलं. हे पूर्ण गावासमोर.

ती म्हणाली, "चूक आहे माझी. गावाचं पाणी होतं, विचारून घ्यायला पाहिजे होतं. उद्या पेंढ्या काढते. माझ्या वावरात खड्डा खणून त्यात टाकते, आणि सडलेलं पाणी माझ्याच वावरात सोडते. भाऊ, तुमच्या जाळ्या मी धुऊन देते." एवढंच. वाणिज्याच्या पेपरात एवढ्याशा उत्तराला मी दहापैकी पाचच गुण दिले असते, पण लोक समाधानाने उठले. आणि कोणीतरी जाता जाता दुसऱ्याला म्हणालं, की नूतनच्या वावरात उद्या माणसं लागतील, आपण जाऊ. प्रेमराजचं वावर असं त्या दिवशी कोणी म्हटलं नाही, हे मला घरी परतताना बसमध्ये आठवलं.

खड्ड्यातल्या पेंढ्या पुरत्या सडल्यावर वाख काढायला नूतन, सासूबाई आणि शेजारच्या दोघी-तिघी बसल्या. ओल्या काडीवरची साल ओढायची, पाण्यात आपटून धुवायची, झटकायची. मीही बसलो. माझ्या हातून काडी मोडायची आणि साल तुटायची. बायका हसायच्या, नूतनही हसायची, अंगभर काळ्या पाण्याचे शिंतोडे, केसात काडीचा भुगा. आमच्या फ्लॅटमध्ये ती असं हसलेली मी पाहिली नव्हती. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, की हे मला इतक्या वर्षांत कसं कळलं नाही. उरलेल्या काड्या सासूबाईंनी चुलीला नेल्या, पाणी वावरात मुरलं, राख पुढे वांग्यांना गेली. वक्त्याने पडद्यावर काढलेलं वर्तुळ अंगणात पूर्ण होत होतं आणि कोणीही त्याला काही नाव देत नव्हतं. नाव देण्याची मला फार इच्छा होत होती. मी पुढची काडी उचलली. वाख धुऊन प्रेमराजच्याच अंगणात तारेवर वाळत घातला. पांढरट, लांबलचक, चमकदार.

भाऊबीजेला आम्ही गेलो तेव्हा तो तारेवरच होता. जेवणं झाली. नूतनने प्रेमराजला ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली, चांगली होती. मग त्याने कपाटातून कागद काढला आणि पाटाशेजारी ठेवला. पोलीस झाले, वास झाला, गावभर नाव झालं. हसं करून घ्यायचं नाही अशी अट होती, आणि मी तर तिचं जिल्हाभर हसं करून दिलं होतं. तिचं वावर माझ्यामुळे जाणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

"नूतन, आपलं ठरलं होतं," प्रेमराज म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हे सांगायला हवं. "लोक हसले का नाही?"

"हसले," नूतन म्हणाली. "पण ते ह्यांना हसले. वावराला कोणी हसलं नाही." ती माझ्याकडे बोट दाखवत होती. मी मान डोलावली, दुसरं काय करणार. मग ती म्हणाली, "भाऊ, मला भाऊबीज तुम्ही आधीच दिली. फौजदारासमोर दिली, देवीच्या मांडवात दिली. गावादेखत म्हणालात, तिचं वावर आहे. मी तर तुम्हाला कधी म्हणायला लावलं नव्हतं. आता ते परत कसं घेणार?"

सासूबाई उंबऱ्याशी बसून सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मी सही करी दिधी व्हती," त्या म्हणाल्या. "मन्हा भाऊसले. मले कोनी इचारंबी नही. साडी दिधी, लाल व्हती." साडीचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. नूतनने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

प्रेमराज उठून बाहेर गेला. मला वाटलं, रागावला. आता माहेर तुटलं, आता चहादेखील नाही. मी त्याच्या मागे गेलो. तो अंगणात तारेशी उभा होता. त्याने वाखाची एक बट काढून दोन्ही मुठींना गुंडाळली होती आणि जोर लावून ओढत होता. तुटत नव्हती. त्याने पुन्हा ओढली. हात लाल झाले.

"दाजी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "उन्हाळ्यात वारा सुटतो, तवा केळीला प्लास्टिकच्या पट्ट्या बांधतो आम्ही. मग त्या वावरातच राहतात, नांगराला अडकतात. हे चालेल का बांधायला? जागच्या जागी सडून जाईल का नंतर?"

या प्रश्नाची वाट मी धुळ्यापासून पाहत होतो. इतक्या महिन्यांत मला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आज विचारणारा समोर उभा होता, तोही प्रेमराज. वर्तुळाकार जैव-अर्थव्यवस्था माझ्या अगदी जिभेवर आली. मी घसा खाकरला. आतून नूतनचा आवाज येत होता, ती आईशी काहीतरी हळू बोलत होती.

"मला काय माहीत," मी म्हणालो. "वावर तिचं, वाख तिचा. तिला विचार."

प्रेमराजने माझ्याकडे पाहिलं. मग बट नीट गुंडाळून हातात घेतली, दारात चपला काढल्या आणि आत जाऊन बहिणीच्या समोर बसला.